बिडी, शुगर आणि हृदयविकार: तिन्ही एकाच माणसाला गाठतात तेव्हा काय होतं?

भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशच्या सीमेजवळ चिखला नावाचं गाव आहे. बाहेरच्या जगाला हे गाव माहीत आहे ते मँगनीजमुळे. 'मॉइल' या सरकारी कंपनीची इथली खाण जमिनीखाली चालते आणि थोड्याच अंतरावर डोंगरी बुजुर्गची उघडी खाण आहे. खाणीची पाळी, धानाची शेती आणि उन्हाळ्यात तेंदूपत्ता हा या पट्ट्याचा वर्षभराचा हिशोब. भंडारा-गोंदियाच्या जंगलातून एप्रिल-मे महिन्यात तोडलेली तेंदूची पानं बिडीसाठी जातात. इथल्या कित्येक घरांत बायकांनी हजारी हिशोबाने बिड्या वळून संसाराला हातभार लावलाय.

म्हणजे बिडी इथे फक्त व्यसन नाही, ती मजुरीही आहे. त्यामुळे तिच्याबद्दल परकेपणा नाही आणि भीतीही नाही. भीती आहे ती 'अटॅक'ची. आणि गेल्या काही वर्षांत त्यात तिसरा शब्द येऊन बसलाय, तो म्हणजे 'शुगर'.

आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. मधुमेह हा शहरी, बसून काम करणाऱ्यांचा आजार आहे, असा समज अजूनही आहे. पण याच अभ्यासात ग्रामीण भागातलं प्रौढांमधलं प्रमाण ८.९ टक्के निघालं. म्हणजे गावातल्या दर अकरा-बारा प्रौढांमागे एक जण. शहरात ते १६.४ टक्के आहे.

प्रश्न असा आहे की बिडी-सिगारेट वाईट, मधुमेहही वाईट, हे सगळ्यांनाच माहीत आहे. पण दोन्ही एकत्र आल्यावर हृदयासाठी धोका नेमका कसा वाढतो? एकात एक मिळवल्यासारखा, की त्याहून जास्त?

बेरीज नाही, गुणाकार

या प्रश्नाचं सगळ्यात जास्त उद्धृत होणारं उत्तर 'इंटरहार्ट' नावाच्या अभ्यासातून मिळतं. कॅनडातले हृदयरोगतज्ज्ञ सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत हा अभ्यास झाला आणि २००४ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये छापून आला. त्यात भारतही होता. पहिला हार्ट अटॅक आलेले सुमारे १५ हजार रुग्ण आणि अटॅक न आलेली जवळपास तितकीच माणसं यांची तुलना करण्यात आली.

या तुलनेत धूम्रपान करणाऱ्यांमध्ये अटॅकचा धोका २.८७ पट निघाला. मधुमेह असणाऱ्यांमध्ये २.३७ पट आणि उच्च रक्तदाब असणाऱ्यांमध्ये १.९१ पट.

आता तिन्ही एकाच माणसात असतील तर? प्रत्येकाने वाढवलेला धोका नुसता एकमेकांत मिळवला तर उत्तर साधारण पाच पट येतं. प्रत्यक्षात अभ्यासात आलेला आकडा होता १३ पट. मोबाइलवर २.८७ गुणिले २.३७ गुणिले १.९१ करून पाहिलं तर उत्तर जवळजवळ १३ येतं. म्हणजे हे धोके एकमेकांत मिळवले जात नाहीत, ते एकमेकांना गुणतात.

हे आकडे म्हणजे एखाद्या माणसाचं भविष्य नव्हे. ते हजारो लोकांची सरासरी सांगतात आणि वेगवेगळ्या अभ्यासांत थोडे वरखाली होतात. पण गुणाकाराचा हा मुद्दा समजला नाही तर पुढचं काहीच समजत नाही. कारण डॉक्टरांसमोर बसलेला माणूस बहुतेक वेळा बेरीज करत असतो. 'शुगरची गोळी चालू आहे, बीपीची चालू आहे, एवढी एक बिडी राहिली.' त्या 'एवढ्या एका'ने बाकीच्या दोघांना गुणलेलं असतं.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट आपल्यासाठी महत्त्वाची आहे. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आला. इतर देशांतल्या लोकांना जवळपास ५९ व्या वर्षी. सहा वर्षांचा हा फरक म्हणजे मुलीचं लग्न व्हायचं असतं, मुलगा अजून शिकत असतो, तो काळ.

आधीच हृदयविकार असेल तर?

इंटरहार्ट पहिल्या अटॅकबद्दल बोलतो. पण ज्यांना एकदा अटॅक येऊन गेलाय, ज्यांच्या छातीत स्टेंट आहे, त्यांचं काय?

१९९८ साली फिनलंडमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या डॉक्टरांची मधुमेहाकडे पाहण्याची नजर बदलली. स्टीव्हन हॅफनर आणि सहकाऱ्यांनी लोकांचे चार गट केले आणि सात वर्षांत किती जणांना अटॅक येतो हे पाहिलं. मधुमेह नाही आणि आधी अटॅकही नाही, अशांमध्ये ३.५ टक्के. मधुमेह नाही पण आधी अटॅक आलेला, १८.८ टक्के. मधुमेह आहे पण अटॅक कधीच आलेला नाही, २०.२ टक्के.

म्हणजे नुसता मधुमेह असलेला माणूस धोक्याच्या बाबतीत एकदा अटॅक येऊन गेलेल्या माणसाच्या शेजारी जाऊन बसला होता. नंतरच्या काही अभ्यासांनी हा निष्कर्ष जसाच्या तसा सगळ्यांना लागू होत नाही, असं दाखवलं. मधुमेह किती वर्षांचा आहे यावर बरंच अवलंबून असतं. पण चौथ्या गटाचा आकडा कुणीही विसरत नाही. मधुमेह आणि आधीचा अटॅक दोन्ही असलेल्यांपैकी ४५ टक्के लोकांना सात वर्षांत पुन्हा अटॅक आला. जवळपास दर दोघांपैकी एकाला.

तेव्हा स्टॅटिनसारखी कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधं आजच्याइतकी सर्रास दिली जात नव्हती, हे लक्षात घ्यायला हवं. आज हे प्रमाण कमी असेल. पण अशा माणसाने वर बिडीही चालू ठेवली तर काय, याचं उत्तर २०१५ मध्ये 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या विश्लेषणात आहे. ८९ अभ्यासांची माहिती एकत्र करून तपासल्यावर दिसलं की मधुमेह असलेल्यांपैकी जे धूम्रपान करतात, त्यांच्यात मृत्यूचा धोका धूम्रपान न करणाऱ्या मधुमेहींपेक्षा सुमारे ५५ टक्के जास्त असतो. हृदयाच्या धमन्यांच्या आजाराचा धोका ५१ टक्के जास्त. पायाच्या रक्तवाहिन्या चोंदण्याचा धोका तर दुपटीहून अधिक.

इथे एक गल्लत होऊ शकते. ५१ टक्के वाचून 'म्हणजे दीडपटच' असं वाटेल. पण ही दीडपट कशाची, ते पाहावं लागेल. ज्याचा मूळ धोका शंभरात ३ आहे त्याच्यासाठी दीडपट म्हणजे साडेचार. ज्याचा मूळ धोका शंभरात २० आहे त्याच्यासाठी दीडपट म्हणजे ३०. म्हणजे पहिल्या शंभर माणसांत एक-दोन जणांची भर पडली आणि दुसऱ्या शंभरात दहा जणांची. मधुमेही हृदयरुग्णाची बिडी त्याला इतरांपेक्षा महाग पडते ती यामुळे.

रक्तवाहिनीच्या आत

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या आतल्या बाजूला पेशींचा एक अगदी पातळ थर असतो. हा थर नुसता प्लास्टरसारखा नसतो. तो नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतो. त्यामुळे रक्तवाहिनी गरजेप्रमाणे सैल होते आणि रक्तातल्या चिकट पेशी तिच्या भिंतीला धरून बसत नाहीत. हृदयविकाराची सुरुवात बहुतेक वेळा या थराला इजा होण्यापासून होते.

मधुमेहात रक्तातली साखर सतत जास्त राहते. ही साखर प्रथिनांना चिकटते, त्यातून तयार होणारे पदार्थ भिंतीत साचतात आणि वाहिनी कडक होत जाते. नायट्रिक ऑक्साइड कमी पडतं. रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे गुठळी बनवणाऱ्या पेशी, जास्त चिकट होतात. वाईट समजल्या जाणाऱ्या एलडीएल कोलेस्टेरॉलचे कण लहान आणि घट्ट होतात, भिंतीत सहज शिरतात.

आता धूर काय करतो ते पाहा. धुरातले विषारी कण त्याच थराला इजा करतात. नायट्रिक ऑक्साइड आणखी घटतं. प्लेटलेट आणखी चिकट होतात. रक्तात गुठळीला मदत करणारं फायब्रिनोजेन वाढतं. भिंतीत शिरलेल्या एलडीएलचं ऑक्सिडीकरण होतं, म्हणजे ते एक प्रकारे गंजतं, आणि ते साफ करायला आलेल्या पांढऱ्या पेशी तिथेच फुगून अडकतात. चरबीचा थर वाढतो तो असा. धुरामुळे चांगलं, म्हणजे एचडीएल कोलेस्टेरॉलही कमी होतं.

दोन चोर वेगवेगळ्या घरी शिरले तर नुकसान वेगवेगळं. इथे दोघंही एकाच भिंतीला, एकाच ठिकाणी भगदाड पाडत असतात.

याच्या जोडीला निकोटिन आहेच. झुरका घेतल्यावर काही मिनिटांत हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो, म्हणजे हृदयाला जास्त ऑक्सिजन लागतो. नेमकी त्याच वेळी निकोटिनमुळे हृदयाच्या धमन्या आकुंचन पावतात. आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, त्यामुळे रक्त ऑक्सिजन कमी वाहून नेतं. मागणी वाढली, रस्ता अरुंद झाला आणि गाडीत मालही कमी. निरोगी धमनी हे सहन करते. आधीच सत्तर टक्के चोंदलेली धमनी करेलच असं नाही.

आणि हे चक्र उलट्या दिशेनेही फिरतं. धूम्रपानाने शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद मंदावतो. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २०१४ च्या अहवालानुसार धूम्रपान करणाऱ्यांना टाइप-२ मधुमेह होण्याची शक्यता ३० ते ४० टक्के जास्त असते. म्हणजे बिडी आधी शुगर यायला मदत करते, मग तीच शुगर आटोक्यात येऊ देत नाही. गोळ्या वाढवूनही आकडा खाली येत नसेल तर डॉक्टर तंबाखूबद्दल विचारतात, ते उगाच नाही.

छातीत न दुखणारा अटॅक

सिनेमातला हार्ट अटॅक सगळ्यांना माहीत आहे. माणूस छाती पकडतो, घामाघूम होतो, कोसळतो. जुना मधुमेह असलेल्या माणसाला असं काहीच न होता अटॅक येऊ शकतो.

कारण वाढलेली साखर नसांनाही इजा करते. पायाला मुंग्या येतात, तळव्याला काटा टोचलेला कळत नाही, हे आपण मधुमेही नातेवाइकांकडून ऐकलेलं असतं. तसंच हृदयाकडून वेदनेचा निरोप नेणाऱ्या नसाही बधिर होतात. मग अटॅक येतो तेव्हा छातीत कळ न येता नुसती धाप लागते, अचानक थकवा येतो, मळमळतं, जबडा किंवा खांदा भरून येतो, दरदरून घाम येतो.

बिडी ओढणाऱ्याच्या बाबतीत इथे दुहेरी घोटाळा होतो. धाप लागली की 'बिडीचा खोकला आहे, जुनाच आहे' असं घरचे म्हणतात. खाणीत काम केलेल्या माणसाला तर 'धुळीनं छाती भरली' हे उत्तर तयारच असतं. मळमळीला ॲसिडिटी म्हणतात. अशात रात्र निघून जाते.

आणि अटॅकमध्ये रात्र निघून जाणं परवडत नाही. बंद झालेली धमनी जितक्या लवकर उघडेल तितका हृदयाचा स्नायू वाचतो. चिखल्यातून तुमसर, तुमसरहून भंडारा, आणि अँजिओप्लास्टीसाठी बहुतेकांना तिथून सुमारे ६० किलोमीटरवरचं नागपूर. हा रस्ता लक्षात घेतला तर गावातच वाया गेलेला एक तास किती महाग आहे ते कळतं. म्हणून मधुमेह आणि तंबाखू दोन्ही असलेल्या माणसाला अचानक, विनाकारण धाप किंवा घाम आला तर वाट न पाहता १०८ ला फोन करून ईसीजी काढून घेणं हेच बरोबर. ईसीजी नीट निघाला तर चांगलंच. फेरी फुकट गेली असं त्यात काही नाही. आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देण्यासाठी दरवेळी नागपूर गाठेपर्यंत थांबावं लागत नाही. ईसीजीवर निदान झालं आणि सोय असली तर ते वाटेतल्या रुग्णालयातही देता येतं.

'बिडी हलकी असते'

हा समज गावात जितका पक्का आहे तितकाच सोशल मीडियावरही. पानात गुंडाळलेली, कागद नाही, फिल्टरची केमिकलं नाहीत, म्हणजे नैसर्गिक.

बिडीत तंबाखू सिगारेटपेक्षा खूप कमी असतो, साधारण चौथा हिस्सा. इथवर खरं आहे. पण तेंदूचं पान सिगारेटच्या कागदासारखं हवा आत-बाहेर जाऊ देत नाही. ते नीट जळतही नाही. त्यामुळे बिडी विझू नये म्हणून सारखी आणि जोरात ओढावी लागते. मशिनवर केलेल्या एका चाचणीत सिगारेट सुमारे ९ झुरक्यांत संपली, बिडीला सुमारे २८ झुरके लागले. धुराचं मोजमाप केल्यावर बिडीच्या धुरात निकोटिन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण सिगारेटपेक्षा जास्त आढळलं आहे.

हृदयाच्या बाबतीत याचा हिशोब इंटरहार्टच्याच संशोधकांनी २००६ मध्ये मांडला. फक्त बिडी ओढणाऱ्यांमध्ये हार्ट अटॅकचा धोका २.८९ पट निघाला. धूम्रपानाचा आधी सांगितलेला आकडा होता २.८७. हलकं-जड असं काही उरतच नाही.

मग खर्रा? विदर्भात हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे फक्त ३.८ टक्के आहेत, पण धूर न होणारा तंबाखू खाणारे २४.४ टक्के. म्हणजे महाराष्ट्राचा तंबाखू मुख्यतः तोंडात आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा चघळणाऱ्याला वाटतं की धोका फक्त तोंडाच्या कॅन्सरचा. २००६ च्या त्याच विश्लेषणात नुसता तंबाखू चघळणाऱ्यांमध्ये अटॅकचा धोका २.२३ पट होता. आणि जे ओढतातही आणि चघळतातही, त्यांच्यात ४.०९ पट. बिडी सोडून खर्ऱ्यावर आलेल्या माणसाने नेमकं किती कमावलं, याचा विचार या आकड्यांच्या उजेडात करायला हवा.

'मी दिवसाला एकच ओढतो' याचंही उत्तर आहे. २०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या विश्लेषणात दिसलं की दिवसाला २० सिगारेटींमुळे हृदयविकाराचा जितका जादा धोका येतो, त्यातला जवळपास अर्धा फक्त एका सिगारेटीमुळेही येतो. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये कमी ओढलं तर धोका बराच कमी होतो. हृदय तसा हिशोब ठेवत नाही.

या सगळ्यात सरकारी धोरणाची दिशा मात्र बुचकळ्यात टाकणारी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने सिगारेटवर ४० टक्के दर ठरवला आणि त्याच बैठकीत बिडीवरचा दर २८ वरून १८ टक्के करण्याचा निर्णय घेतला. कारण बिडी कामगारांचा रोजगार. तो प्रश्न खरा आहे, भंडारा-गोंदियात तर फारच खरा. पण बिडी स्वस्त झाल्याने वळणाऱ्या बाईची मजुरी आपोआप वाढत नाही, आणि ओढणाऱ्याला ती आणखी स्वस्तात मिळते.

अंगात मांस नाही, तरी शुगर?

खाणीत किंवा शेतात राबणाऱ्या सडपातळ माणसाला मधुमेह निघाला की घरचे रिपोर्टवरच शंका घेतात. या कोड्यावर पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आयुष्यभर काम केलं आहे. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. बीएमआय सारखाच होता आणि आतली चरबी दुपटीहून जास्त होती.

भारतीय माणूस बाहेरून बारीक आणि आतून चरबीवाला असू शकतो, ही मांडणी तिथून जगभर गेली. ही चरबी पोटाच्या आत, अवयवांभोवती साठते आणि इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. बिडी ओढणारा माणूस तर बहुतेक वेळा सडसडीतच दिसतो, कारण निकोटिन भूक मारतं. त्यामुळे त्याच्याकडे पाहून कुणाला शुगर तपासावी असं वाटत नाही. वजनाकडे न पाहता कमरेला टेप लावणं जास्त उपयोगाचं. आशा कार्यकर्त्या तिशी ओलांडलेल्यांचा जो सी-बॅक नावाचा फॉर्म भरतात, त्यात म्हणूनच कमरेचं माप आहे. शेजारीच तंबाखूचाही प्रश्न आहे. एकूण गुण चारच्या वर गेले तर तपासणीसाठी आधी पाठवायचं असतं. फॉर्म भरताना 'तंबाखू नाही' असं खोटं सांगणारा माणूस स्वतःचेच गुण कमी करून घेतो.

खाणकामगारांची आरोग्य तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. १९५५ च्या खाण नियमांत ती जास्तीत जास्त पाच वर्षांच्या अंतराने करायला सांगितली आहे. फुप्फुसं आणि कान यांच्यासाठी हे अंतर कदाचित चालून जाईल, शुगरसाठी पाच वर्षं फार मोठा काळ आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या श्रम संहितांमध्ये चाळिशी ओलांडलेल्या कामगारांना वर्षातून एकदा मोफत तपासणीची तरतूद आहे. ती कंत्राटी मजुरांपर्यंत पोहोचते का, यावर बरंच ठरेल.

स्टेंट टाकला, आता बरा झालो?

अँजिओप्लास्टीनंतर छातीतलं दुखणं थांबतं आणि माणसाला वाटतं, नळ मोकळा झाला. खरं तर चोंदलेल्या एका जागेवर जाळी बसलेली असते. बाकी सगळ्या धमन्या आहेत तशाच असतात. मधुमेहात तर चरबी एका ठिकाणी न साचता धमनीभर, अनेक धमन्यांत पसरते. त्यामुळेच मधुमेह असेल आणि अनेक धमन्या चोंदल्या असतील तर डॉक्टर अनेकदा बायपास सुचवतात. २०१२ च्या 'फ्रीडम' चाचणीत अशा रुग्णांपैकी स्टेंट टाकलेल्या २६.६ टक्के लोकांना पाच वर्षांत मृत्यू, अटॅक किंवा पक्षाघात यांपैकी काहीतरी गाठून गेलं. बायपास झालेल्यांमध्ये हे प्रमाण १८.७ टक्के होतं.

पण बायपासमध्ये पायातून काढून लावलेली शीरही धुराने लवकर चोंदते. म्हणजे ऑपरेशन कुठलंही असो, बिडी त्याच्यामागे येते.

याउलट सोडल्याचा फायदा किती? २००३ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये २० अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष आला. हृदयविकार झाल्यावर ज्यांनी धूम्रपान सोडलं, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण चालू ठेवणाऱ्यांपेक्षा ३६ टक्क्यांनी कमी होतं. हृदयरुग्णाला आयुष्यभर दिल्या जाणाऱ्या महागड्या गोळ्यांशी तुलना करण्यासारखा हा फायदा आहे, आणि याला मेडिकलचं बिल येत नाही.

सोडल्यावर शुगर वाढते, हे खरं का?

अर्धं खरं आहे. हे लपवून ठेवण्यापेक्षा सांगितलेलं बरं, कारण हेच कारण पुढे करून लोक पुन्हा सुरू करतात. धूम्रपान सोडल्यावर भूक वाढते, तोंडाला चव येते, काही किलो वजन वाढतं. २०१८ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या अभ्यासात दिसलं की नुकतंच सोडलेल्या लोकांमध्ये मधुमेह होण्याचा धोका ओढत राहणाऱ्यांपेक्षा काही वर्षं २२ टक्के जास्त होता. हा वाढीव धोका वजन वाढलेल्यांमध्येच होता आणि पाच ते सात वर्षांनंतर उतरत गेला. पण त्याच अभ्यासात, वजन कितीही वाढलेलं असो, सोडणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू कमीच होते.

ज्यांना आधीच मधुमेह आहे, त्यांनी सोडताना एक काळजी घ्यायची असते. पहिले काही आठवडे शुगर घरी किंवा आरोग्य केंद्रात नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासायची. वजन वाढलं तर ती चढू शकते. उलट काहींमध्ये इन्सुलिन जास्त चांगलं काम करू लागतं आणि त्याच डोसवर शुगर अचानक उतरू शकते. हात थरथरणं, घाम, गरगरणं हे बिडीच्या तलफेचंही लक्षण वाटतं आणि शुगर उतरल्याचंही. शंका आली तर आधी शुगर मोजायची.

तलफेसाठी औषधं आहेत. निकोटिनचं च्युइंग गम असतं, आणि बुप्रोपिऑन किंवा व्हॅरेनिक्लिनसारख्या गोळ्या डॉक्टर देऊ शकतात. हृदयरुग्णाने यातलं काहीही स्वतःच्या मनाने न घेता डॉक्टरांना विचारून घ्यावं. ई-सिगारेट हा पर्याय नाही, भारतात त्यावर २०१९ पासून बंदी आहे. केंद्र सरकारची तंबाखू सोडण्यासाठीची १८००-११-२३५६ ही हेल्पलाइन मोफत आहे. सिगारेटच्या पाकिटावर आणि बिडीच्या बंडलावर सचित्र इशाऱ्याखाली हाच नंबर छापलेला असतो.